मोसंबीएवढं, लिंबाएवढं

मोसंबी दिसत नाही, फक्त हाताला लागते.

*

लहान मुलांच्या कपड्यांचं दुकान, कर्वेनगर. "बाळ किती महिन्यांचं?" "दोन वर्षांचं." "मग हे मोजे व्हायचे नाहीत." "पाय बारीक आहेत त्याचे." दुकानातल्या बाईंनी पुढे काही विचारलं नाही. सहा जोड्या कागदी पिशवीत घातल्या.

*

वारज्यातल्या एका चार मजली इमारतीच्या पार्किंगमध्ये, जिथे आता पांढरी मोटार उभी असते, तिथे एकेकाळी सात म्हशी बांधलेल्या असायच्या.

*

विषय : उपस्थिती धोरणातील बदल. येत्या सोमवारपासून आठवड्यातले चार दिवस कार्यालयात येणे बंधनकारक आहे. आपल्या सहकार्याबद्दल आगाऊ आभार.

*

शकुंतला नावाच्या एका बाईंनी आयुष्याची शेवटची अकरा वर्षं एका खाटेवर काढली आणि तिथूनच घरातल्या चार सुनांना पळता भुई थोडी केली.

*

"लग्नाचं पाहाले वेळ नाई तुले, अन् कुत्रं पाहाले भेटला." फोन वरूडहून. आई.

*

शेपटी हलतच नसेल तर कुत्र्याचा आनंद कुठे बघायचा? कानांत.

*

दीपमाला वरूडची. वय एकतीस, पुण्यात सात वर्षं, हिंजवडीत सॉफ्टवेअर तपासायचं काम, वारज्यात दुसऱ्या मजल्यावर भाड्याचं घर. कंपनीच्या समाजसेवेच्या शनिवारी सगळ्यांना बसमध्ये भरून लोणी काळभोरच्या पुढे प्राण्यांच्या एका आश्रमात नेलं. गळ्यात ओळखपत्रं, हातात बिस्किटांचे पुडे. सगळे पिल्लांबरोबर फोटो काढत होते. दीपमाला पत्र्याच्या सावलीत उभी होती.

एक तपकिरी कुत्री पुढच्या दोन पायांवर स्वतःला ओढत आली. मागचं धड फरशीवरून घासत होतं, जणू ते दुसऱ्याच कोणाचं सामान होतं आणि तिला पोहोचवायला सांगितलं होतं. पंधरा फूट आली. दीपमालाच्या बुटावर हनुवटी ठेवली आणि थांबली.

"ती सगळ्यांच्याच बुटावर ठेवते," तिथे काम करणारा विक्रम म्हणाला.

हे दीपमालाने नीट ऐकलं होतं. तरी तिसऱ्या रविवारी ती एकटी परत गेली आणि तिने अर्ज भरला.

*

"पायांचं सोडा, ताई," विक्रम म्हणाला. "पाय नसले म्हणून कुत्रं मरत नाही. मरतं ते इथे, लघवीच्या पिशवीमुळे." त्याने कुत्रीच्या पोटाखाली हात ठेवला. "ट्रकने कणा तुटला ना, तेव्हापासून भरलंय हा निरोप वर जात नाही आणि सोड हा हुकूम खाली येत नाही. सो, हुकूम आता तुम्ही. दिवसातून तीनदा. सकाळ, दुपार, रात्र. सुट्टी नाही, दिवाळी नाही."

"किती दिवस?"

"किती दिवस म्हणजे?"

त्याने तिचे तळवे कुत्रीच्या दोन्ही कुशींवर, मागच्या मांड्यांच्या जरा पुढे ठेवले. बोटांनी नाही, तळव्यांनी. हळू आत. आत काहीतरी गोल, पाणी भरलेलं, निसटणारं. मोसंबीएवढं लागलं की दाबायचं. लिंबाएवढं उरलं की थांबायचं. तिसऱ्या प्रयत्नाला धार आली आणि दीपमालाच्या सलवारीवर उडाली.

"वेलकम टू द क्लब," विक्रम म्हणाला. मग नळावर हात धुता धुता: "काही काही कुत्री सहा-आठ महिन्यांनी थोडं थोडं स्वतः करायला लागतात. होतं कधी कधी. पण एक्स्पेक्ट करू नका."

यातली पहिली दोन वाक्यं तिने घरी नेली.

*

इमारत मालनबाईंची. म्हणजे कागदावर त्यांच्या मुलाची, जयसिंगची; पण जिन्यात कोण थुंकलं हे विचारायला मालनबाई यायच्या. वय बहात्तर. तळमजल्यावर राहायच्या. कुत्र्याची बातमी कळली त्याच दिवशी वर आल्या.

"कुत्रं चालायचं न्हाई हां पोरी. करारात लिवलंय."

"आजी, ते चालतच नाही."

मालनबाईंनी खाली बघितलं. कुत्री त्यांच्या चपलेवर हनुवटी ठेवून पडली होती. त्या भिंतीला धरून खाली बसल्या. मागचा एक पाय उचलून बघितला, सोडला. पाय जसा सोडला तसाच पडला.

"कुनी केलं ह्ये?"

"ट्रकने. सोलापूर रोडला."

"नाव काय?"

"ब्राउनी. आश्रमातलं नाव आहे."

"ह्ये काय नाव हाय? खायचं हाय का?"

"केकच असतो तो, आजी."

"मग." मालनबाईंनी कुत्रीच्या कपाळावरून अंगठा फिरवला. "आमची नणंद हुती शकू. अशीच. बसल्या जागंवरनं आख्ख्या घराला कामाला लावायची. ही शकूच हाय बघ. तोंड बी तसंच हाय."

करारातला मुद्दा तिथेच संपला.

*

धोरण बदललं. चार दिवस ऑफिस. सकाळचं दीपमाला करून जाणार, रात्रीचं आल्यावर. दुपारचं कोण?

"मी करीन की," मालनबाई म्हणाल्या. "चाळीस वर्सं धारा काढल्यात म्हशींच्या."

"आजी, हे दूध नाहीये."

"ठावं हाय मला. पर हात त्योच."

हात तोच होता. दीपमालाला पाच मिनिटं लागायची आणि घाम यायचा. मालनबाईंना दीड मिनिट. त्या शकूशी बोलत बोलत करायच्या: जयसिंगनं कुठला तुकडा विकला, सून काय म्हणाली, टाकीवर पाणी कधी चढवलं. शकूचे कान त्यांच्या आवाजाबरोबर फिरायचे. दुपारी एकला त्यांच्या चपलांचा आवाज जिन्यात आला की शकू दारापर्यंत सरपटत जायची. हे दीपमालाला कधीच बघायला मिळालं नाही, मालनबाईंनी सांगितलं म्हणून माहीत.

फ्रिजवर तक्ता. दीपमाला बरोबरची खूण करायची. मालनबाई दुपारच्या चौकोनात एक उभी रेघ ओढायच्या. असे चार महिने. एकही चौकोन रिकामा नाही.

*

फेब्रुवारीतला गुरुवार. संध्याकाळी साडेसात. मालनबाई गेटपाशी उभ्या.

"पोरी, तिची तिनं केली."

"काय?"

"मुतली. आपली आपण. मी एकला गेले तवा गोधडी वली. बदलली. घंट्याभरानं परत बघायला गेले, परत वली. दाबलं न्हाई, हात लावला न्हाई."

दीपमाला दोन-दोन पायऱ्या चढत वर गेली. शकू, घासणाऱ्या मागच्या पायांत बाळाचे मोजे, दाराकडे सरपटत आली आणि तिच्या मागे फरशीवर एक ओली रेघ उमटली. बारीक, तुटक, थेंबाथेंबाची. दीपमाला त्या रेघेशेजारी खाली बसली. सात वर्षांत या शहरात तिने काही सुरू केलेलं आणि ते आपलं आपण पुढे गेलेलं, असं हे पहिलंच होतं.

तिने विक्रमला फोन लावला. त्याने उचलला नाही. तिने लिहिलं: शकू स्वतः करायला लागली. सकाळी त्याच्याकडून लाल बदाम आला.

"रात्रीचं दाबू का तरी?" तिने मालनबाईंना विचारलं होतं. हे तिने विचारलं होतं.

"आता हात लावू नगं," मालनबाई म्हणाल्या. "वासरू उभं ऱ्हायला लागलं की त्येला धरायचं नसतं. पडू द्यायचं, उठू द्यायचं. धरलं की त्ये टेकू मागतं, मग जलमभर उभं ऱ्हात न्हाई. किती वासरं काढली मी."

वासरांच्या बाबतीत हे खरं आहे. आणि दीपमालाला नोकरीच्या पहिल्या आठवड्यात हेच शिकवलं होतं: चालू झालेल्या सिस्टीमला हात लावू नये.

*

गुरुवार : ✓ / दुपारची रेघ नाही / स्वतः

शुक्रवार : स्वतः / स्वतः / स्वतः

शनिवार : स्वतः / स्वतः / स्वतः

रविवार : पेढे

सोमवार : स्वतः / स्वतः, खाल्लं नाही / थोडं पाणी

मंगळवार :

*

रविवारचे पेढे. जयसिंगला पाठवून मालनबाईंनी मागवले आणि स्वतः मजल्यामजल्यावर वाटले. तिसऱ्या मजल्यावर पेन्शनर काका राहतात.

"कशाबद्दल?"

"शकू मुतली."

काकांनी पेढा घेतला. "अभिनंदन. आमचा विश्वजीत सीए झाला तेव्हा आम्ही नुसतं फोनवर कळवलं होतं. चुकलंच आमचं."

दीपमाला जिन्यात उभी राहून हसली. खूप दिवसांनी पोट दुखेपर्यंत हसली. मग घरात येऊन होळीचं वरूडचं तिकीट काढलं. शकू आल्यापासून गेली नव्हती. दिवसातून तीनदा कोण करणार होतं? आता आजींनी नुसतं खायला घातलं तरी चालणार होतं. आनंदात ही सुटका मिसळलेली होती. किती, हे तिने तेव्हा मोजलं नाही. नंतर मात्र रोज मोजलं.

*

हा तुकडा रविवारच्या आधीचा, शनिवार दुपारचा आहे. तो सगळ्यांच्या शेवटी यायला हवा, किंवा कुठेच यायला नको.

दीपमाला घरी होती. शकू ऊन पडलेल्या फरशीवर आडवी होती. सवयीने दीपमालाने तळवे तिच्या कुशींवर ठेवले, नुसतं बघायला. मोसंबी शोधली. मोसंबी लागली नाही. पोट मात्र टणक लागलं, एका कुशीपासून दुसऱ्या कुशीपर्यंत सलग. आजी दहीभात फार घालतात, तिला वाटलं. बोलायला हवं.

हाताखाली होतं ते मोसंबीएवढं नव्हतं म्हणून तिला ते सापडलं नाही. ते नारळाएवढं होतं.

शकूने मान वळवून तिच्या हाताकडे बघितलं. कमरेच्या खाली काय चाललंय हे दोघींपैकी कोणालाच कळत नव्हतं.

*

मंगळवारी सकाळी शकूने उलटी केली आणि मान टाकली. दीपमालाने तिला चादरीत गुंडाळून दवाखान्यात नेलं. डॉक्टर पन्नाशीच्या, चष्मा कपाळावर, कमी बोलणाऱ्या. त्यांनी पोटावर एकच हात ठेवला आणि तो उचलला नाही.

"शेवटचं कधी दाबलंत?"

"गुरुवारी सकाळी."

"आज मंगळवार आहे."

"ती स्वतः करायला लागली होती."

"किती करायची? धार?"

"थेंब थेंब. पण सारखी."

डॉक्टरांनी चष्मा खाली घेतला.

"आपण काय करता?"

"सॉफ्टवेअर इंजिनियर आहे."

"इमारतीत राहता?"

"हो."

"टाकी भरली की काय होतं?"

दीपमालाने शकूच्या अंगाखालची चादर सरळ केली.

"वरून वाहते," डॉक्टर म्हणाल्या. "पाईपातून पाणी पडतंय म्हणजे टाकी रिकामी होत्येय, असं समजून आपण खाली बादल्या घेऊन उभे राहत नाही. मोटर बंद करायला पळतो." त्यांनी नळी घातली. नळीतून जे आलं ते पाण्यासारखं नव्हतं, काळपट लाल होतं, आणि खूप वेळ येत राहिलं. "पाच दिवस. सगळं मागे किडनीत गेलं असणार. दाबायचं कोणी थांबवलं?"

"मी," दीपमाला म्हणाली.

हे बोलायला काहीच जड गेलं नाही. खरं होतं किंवा जवळजवळ खरं होतं. तिला वाटलं, आता त्या ओरडतील. डॉक्टर ओरडल्या नाहीत. सलाईनची सुई लावायला त्यांनी शकूचा पुढचा पाय हातात घेतला, जो चांगला होता.

"वाचेल का?"

"उद्या रिपोर्ट बघू."

रिपोर्टमध्ये किडनीचा जो आकडा दीडच्या आत हवा होता, तो अकरा होता. गुरुवारी तेरा. दीपमाला दोन्ही दिवस दवाखान्याच्या फरशीवर पिंजऱ्याला टेकून बसली, लॅपटॉप मांडीवर, मीटिंगमध्ये आवाज बंद. शकूने एकदा हनुवटी सरकवायचा प्रयत्न केला. बूट सहा इंचांवर होता. दीपमालाने पाय पुढे केला. नळी अडकली, सहाय्यकाने शकूला परत मागे सरकवलं.

शुक्रवारी दुपारी एकच्या सुमाराला श्वास थांबला. दीपमाला फोनवर होती. चालू कामाचा स्प्रिंट कधी संपणार हे कोणालातरी सांगत होती.

*

सांगायचं कसं, याचे प्रयत्न, दवाखान्यापासून वारज्यापर्यंत, रिक्षात, मांडीवर चादर:

आजी, ती स्वतः करत नव्हती.

आजी, आपण दोघींनी

आजी, वासराचं वेगळं असतं.

आजी, मी विचारलं होतं ना तुम्हाला, तर तुम्ही

आजी, मी.

*

मालनबाई गेटपाशी खुर्ची टाकून बसल्या होत्या. चादर बघून उठल्या. रिक्षातच वाकून त्यांनी चादरीवरून हात फिरवला, डोक्यापासून मागच्या पायांपर्यंत, जिथे शकूला कधीच काही कळलं नव्हतं तिथपर्यंत.

"काय म्हनला डागदर?"

दीपमालाने तोंड उघडलं. मालनबाईंच्या दोन्ही हातांची बोटं, चाळीस वर्षं धारा काढलेली, चादरीच्या काठाला धरून होती.

"किडनी गेली होती. अपघातातच गेली होती म्हणाल्या डॉक्टर. कळलं उशिरा."

"म्हंजी आपलं काय चुकलं न्हाई."

"नाही."

मालनबाईंनी पदराने नाक पुसलं. "हितंच पुरू. घरचं मानूस घरात."

त्यांनी जयसिंगला हाक मारली. जयसिंग खाली आला, इकडेतिकडे बघितलं. पुढे डांबर. बाजूला पार्किंग. मागे, जिथे पेरूचं झाड होतं, तिथे गेल्या वर्षी सिमेंटचे ठोकळे बसवलेले. कुंपणाच्या पलीकडे दुसऱ्याची इमारत.

"आई, कुठे पुरू?"

"आरं, साडेचार एकर हुतं आपलं."

"होतं."

मालनबाई पार्किंगभर फिरून आल्या. एके ठिकाणी पायाच्या अंगठ्याने फरशी दाबून बघितली. मग परत खुर्चीत बसल्या. तासाभराने महापालिकेची गाडी आली. ज्याने चादर घेतली त्याने विचारलं, "चादर परत हवी का?"

*

शनिवारी दुपारी एक वाजता जिन्यात चपलांचा आवाज आला. दीपमालाने दार उघडलं. मालनबाई नुसत्याच आल्या होत्या, हातात काही नाही. आत येऊन गोधडी होती त्या जागेशेजारी भिंतीला टेकून बसल्या. फ्रिजकडे बघितलं. तक्ता तसाच होता. त्यांना 'स्वतः' वाचता येत नव्हतं, पण कुठल्या दिवसापासून आपली रेघ नाही हे त्यांना दिसत होतं.

"तरी शेवटाला आपली आपण करत हुती," त्या म्हणाल्या. "कुनावर भार न्हाई टाकला. आमची शकू गेली तवा तिला चौघीजणी उचलायला लागायच्या. हिनं तेवढं तरी मिळवलं. व्हय का न्हाई?"

"हो, आजी."

"मी सगळ्यास्नी सांगते. तिसऱ्या मजल्यावरचा म्हातारा बी रडला, खोटं न्हाई सांगत. म्हनला, पेढा गोड हुता."

दीपमालाने चहा ठेवला. दूध उतू गेलं, तिने बघितलंच नाही. मालनबाईंनी उठून गॅस बंद केला. मग ओट्याला टेकून उभ्या राहिल्या आणि जे म्हणायला दोन जिने चढून आल्या होत्या ते म्हणाल्या.

"दुसरं आन की. तसलंच. लुळं. धडधाकटाला काय, कुनीबी घेतंय. तसल्यांना कोन न्हाई. आता आपल्याला जमतंय."

"बघू, आजी."

"बघू काय? मला दुपारचं काय काम हाय? वासरासारखं करायचं. चार म्हैनं दाबायचं, मग आपलं आपण करायला लागलं की सोडायचं."

चहा गाळून झाला. दीपमाला कप हातात धरून उभी होती. आत्ता. आत्ता सांगितलं नाही तर पुढचं कुत्रंही. आत्ता सांगितलं तर ही बाई उद्या एक वाजता कुठे जाईल?

तिने कप मालनबाईंच्या हातात दिला.

"आता कुत्रं नको, आजी."

मालनबाईंनी चहाचा एक घोट घेतला. "कटाळलीस व्हय?" त्यांनी विचारलं. आवाजात राग नव्हता. तिच्याबद्दल त्यांनी एक गोष्ट आत्ताच ठरवून टाकली होती, आणि ती यापुढे बदलणार नव्हती.

"हो," दीपमाला म्हणाली. "कंटाळले."

मालनबाईंनी चहा अर्धा ठेवला. जिन्यात चपलांचा आवाज खाली गेला. त्यानंतर त्या वर आल्या नाहीत. गेटपाशी भेटल्या की पाण्याची वेळ सांगायच्या.

मार्चमध्ये विक्रमचा निरोप आला. फोटोत एक पांढरी कुत्री, मागचे पाय पसरलेले. ताई, सेम केस आहे. तुम्ही एक्स्पर्ट झालात आता. घेता का? दीपमालाने फोटो मोठा करून बघितला. पोटाशी जाऊन बघितला. उत्तर दिलं नाही. होळीला वरूडलाही गेली नाही, तिकीट तसंच राहिलं.

*

सोलापूर रस्त्यावर ट्रक अंगावर आला तेव्हा शकू रस्ता ओलांडत नव्हती. एका बंद टपरीच्या आडोशाला झोपली होती.